परसातल्या ताज्या शेंगांची भाजी कशी करावी

कोकणातल्या परसाला शेंगांचा तोटा सहसा पडत नाही. पावसाळ्यात कुंपणावर किंवा मांडवावर चढलेली चवळी, भात कापून झाल्यावर खाचरातल्या उरलेल्या ओलीवर वाढणारा वाल, आणि थंडीच्या दिवसांत विहिरीच्या पाण्यावर आगरात किंवा परड्यात घेतलेला श्रावणघेवडा, म्हणजे बाजारात आपण जिला फरसबी म्हणतो ती शेंग, अशी वर्षातल्या बऱ्याच महिन्यांची सोय घरच्या घरी होते. तरीही घरची ताजी शेंग शिजवताना आपण बाजारातून आणलेल्या, दोन-तीन दिवस पोत्यात राहिलेल्या शेंगेचीच रीत वापरतो: भरपूर पाणी, भरपूर मसाला आणि कुकरच्या शिट्ट्या. ताज्या शेंगेला यातले फारसे काही लागत नाही. तिची कृती तिच्या वयावरून ठरवावी, आणि ते वय वेलीजवळ उभे असतानाच पाहून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. म्हणून या लेखात तोडणी आणि निवडणे यांना फोडणीइतकीच जागा दिली आहे.

तोडणी

शेंगा सकाळी तोडाव्यात, पण पानांवरचे दंव सुकल्यावर. रात्रभरात शेंग पाण्याने टच्च भरलेली असते आणि उन्हाने मलूल झालेली नसते, म्हणून सकाळची वेळ उत्तम. मात्र पाने ओली असताना वेलीत हात घातला, तर तांबेरा आणि करपा यांसारखे रोग आपल्याच हाताने एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात. पावसाळ्यातल्या चवळीच्या बाबतीत हे पथ्य पाळणे कठीण असते, हे खरे. तरी दोन सरींच्या मध्ये उघडीप मिळाली की पाने निथळेपर्यंत थांबावे आणि मगच टोपली घेऊन बाहेर पडावे.

शेंग ओढून काढू नये. श्रावणघेवड्याच्या झुडपाची मुळे फार खोल नसतात, त्यामुळे जोराने ओढल्यास अख्खे झाड जागचे हलते. एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने देठाशी शेंग खुडावी. चवळीच्या बाबतीत आणखी जपावे लागते. चवळीची शेंग एका लांब दांड्याच्या टोकाला लागते आणि नीट पाहिले तर त्या टोकाशी, शेंगेच्या देठालगत, मोहरीएवढ्या हिरव्या कळ्यांचा छोटासा झुबका दिसतो. पुढच्या शेंगा तिथेच धरणार असतात. दांड्यासकट शेंग तोडली, तर त्या शेंगा आपण उमलण्याआधीच खुडलेल्या असतात. म्हणून दांडा वेलीवर तसाच ठेवून फक्त शेंग नखाने तोडावी.

झुडपी श्रावणघेवडा पेरणीपासून साधारण ४५ ते ५५ दिवसांत तोडणीला येतो आणि फूल उमलल्यापासून साधारण दोन आठवड्यांच्या आत शेंग खाण्याजोगी होते. शेंग पेन्सिलीहून जाड होऊ देऊ नये आणि आतल्या दाण्याचा उंचवटा बाहेरून दिसू लागण्याआधी ती तोडावी. परीक्षा सोपी आहे. शेंग मधोमध वाकवली की ती कट्‌कन मोडली पाहिजे आणि मोडल्या जागी ओल चमकली पाहिजे. वाकून नुसती दुमडली, तर एक तर ती शिळी आहे किंवा जून. बहर सुरू झाल्यावर दर दोन-तीन दिवसांनी तोडणी करावी, कारण वेलीवर शेंगा पिकू दिल्या की झाडाची सारी ताकद बियांकडे जाते आणि नवी फुले कमी होतात. त्या दिवशी भाजी करायची नसली तरी शेंगा तोडून घ्याव्यात आणि शेजारी द्याव्यात.

वालाचे वेळापत्रक निराळे आहे, कारण वालाची शेंग दोन वयांत खाता येते: पापडीसारखी चपटी आणि कोवळी असताना सालासकट, आणि दाणा भरल्यावर दाण्यासाठी. ज्यांच्याकडे मांडव घालण्याइतकी जागा नाही, त्यांनी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ‘कोकण भूषण’ ही वालाची बुटकी जात लावून पाहावी. ती झुडपासारखी वाढते आणि तिला आधार लागत नाही.

पिकावर काही फवारले असेल, तर औषधाच्या वेष्टनावर तोडणीआधी जितके दिवस थांबायला सांगितलेले असते तितके थांबावे. परसातल्या भाजीचा निम्मा आनंद ती निर्धास्तपणे खाता येण्यात असतो. म्हणून चवळीच्या शेंड्यांवर काळा मावा दिसला, तर आधी पाण्याचा जोरदार झोत मारून तो झाडावा आणि त्यानेही भागले नाही तर निंबोळी अर्क वापरावा.

निवडणे आणि मोडणे

शेंगा आधी धुवाव्यात आणि मग चिराव्यात. चिरलेल्या शेंगा पाण्यात टाकून ठेवल्या की त्यांची चव आणि क जीवनसत्त्व दोन्ही पाण्यात उतरतात. पसरट पातेल्यात मिठाचे पाणी घेऊन शेंगा त्यात पाचेक मिनिटे बुडवून ठेवाव्यात. मावा आणि धूळ सुटून वर येते. नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन रोवळीत निथळत ठेवाव्यात. वालाची शेंग मात्र उघडून पाहिल्याखेरीज चिरू नये. शेंगा पोखरणारी अळी बारीक छिद्रातून आत शिरते आणि छिद्र नेहमी नजरेला पडतेच असे नाही. शेंगेची शीर काढतानाच दोन्ही पाती विलग करून आत पाहण्याची सवय लावून घेतली, की वेगळा वेळ द्यावा लागत नाही.

निवडताना शेंगांचे तीन वाटे करावेत. पहिल्या वाट्यात कट्‌कन मोडणाऱ्या कोवळ्या शेंगा, दुसऱ्यात दाणा धरलेल्या पण साल अजून रसदार असलेल्या, आणि तिसऱ्यात साल चामट झालेल्या जून शेंगा. हे तिन्ही वाटे एकाच कढईत गेले की कोवळ्या शेंगांचा लगदा होतो आणि जून शेंगा चावत राहाव्या लागतात, आणि मग लोक म्हणतात की घरची भाजी काही चांगली होत नाही. पुढच्या साऱ्या कृती या तीन वाट्यांनुसार दिल्या आहेत.

गावठी श्रावणघेवड्याला दोन्ही कडांना शीर असते. देठाकडचे टोक मोडून ते न तोडता खाली ओढले की एका बाजूची शीर दोऱ्यासारखी निघून येते. शेंड्याकडचे टोक उलट दिशेने ओढले की दुसरी बाजू मोकळी होते. अलीकडच्या सुधारित जातींना शीर जवळपास नसते, तरी एक-दोन शेंगा ओढून पाहाव्यात. सुक्या भाजीसाठी श्रावणघेवडा विळीवर बारीक चिरावा. जितका बारीक चिरू तितका तो लवकर शिजतो आणि खोबरे त्याला नीट लागते. चवळीच्या शेंगा मात्र मी कधीही चिरत नाही. त्या बोटाच्या दोन पेरांएवढ्या लांबीवर हाताने मोडाव्यात. हाताला जिथे मोड येत नाही, तो तुकडा जून झालेला आहे हे तत्काळ कळते. विळीला कोवळे आणि जून सारखेच.

कोवळ्या शेंगांची सुकी भाजी

चार माणसांसाठी अर्धा किलो कोवळा श्रावणघेवडा घ्यावा. त्याला दोन मोठे चमचे तेल, अर्धा लहान चमचा मोहरी, चिमूटभर हिंग, पाव लहान चमचा हळद, दोन-तीन हिरव्या मिरच्या, आठ-दहा पाने कढीपत्ता, चवीपुरते मीठ, सुपारीएवढा गूळ आणि अर्धी वाटी खवलेले ओले खोबरे पुरते. यात कांदा, लसूण किंवा गरम मसाला घालण्याचा मोह आवरावा. तासाभरापूर्वी वेलीवर असलेल्या शेंगेला स्वतःची एक गोडसर, किंचित गवताची आठवण करून देणारी चव असते. ती मसाल्याखाली बुजवायची असेल, तर परसात शेंगा लावण्याचे कष्ट कशाला घ्यायचे?

कढई पसरट आणि जाड बुडाची असावी. तेल चांगले तापल्यावर मोहरी घालावी आणि तिचा तडतडाट संपत येईपर्यंत थांबावे, मग हिंग, मिरच्या, कढीपत्ता आणि शेवटी हळद घालावी. लगेच निथळलेल्या शेंगा घालून आच मोठी ठेवावी आणि दोन-तीन मिनिटे झाकण न ठेवता परतावे. ही दोन-तीन मिनिटे महत्त्वाची आहेत. शेंगेच्या आतली आम्ले गरम झाल्यावर मोकळी होतात आणि त्यांतली काही वाफेबरोबर उडून जातात. पहिल्या क्षणापासून घट्ट झाकण ठेवले, तर ती कढईतच कोंडली जातात आणि शेंगेचा हिरवा रंग काळपटतो.

यानंतर मीठ घालावे, दोन-तीन मोठे चमचे पाण्याचा हबका मारावा, आच मंद करावी आणि कढईवर ताट झाकून त्या ताटात वाटीभर पाणी ओतावे. ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि तिला पर्याय नाही. आतली वाफ वर जाऊन ताटाच्या गार बुडाला लागते, तिचे पुन्हा थेंब होऊन ते भाजीत उतरतात, आणि शेंग बाहेरच्या पाण्यात न उकडता आपल्याच रसात शिजते. शिवाय ताटातले पाणी तोवर गरम झालेले असते. भाजी खाली लागते आहे असे वाटले, तर त्यातलेच दोन चमचे घालता येतात आणि गार पाण्याने शिजण्यात खंड पडत नाही.

बारीक चिरलेली कोवळी शेंग अशा वाफेवर बहुधा आठ ते दहा मिनिटांत शिजते. मधे एकदा ढवळावे. एक तुकडा दाताखाली घेऊन पाहावा. तो करकरला तर अजून वाफ हवी, सहज तुटला पण त्याचे पीठ झाले नाही तर भाजी झाली. मग ताट काढून खोबरे आणि गूळ घालावा, एक-दोन मिनिटे उघडेच परतावे आणि कढई उतरवावी. खोबरे फार वेळ परतू नये. त्याचे दूध आटून ते कोरडे पडते. ओले खोबरे घातलेली भाजी कोकणातल्या दमट हवेत फार वेळ टिकत नाही, म्हणून सकाळची भाजी संध्याकाळी लागणार असेल, तर तेवढी खोबरे घालण्यापूर्वीच वेगळी काढून ठेवावी.

येथे एक इशारा द्यायला हवा. श्रावणघेवड्याची शेंग कितीही कोवळी असली तरी ती कच्ची खाऊ नये आणि कच्ची कोशिंबिरीत घालू नये. ही राजम्याच्याच जातीची वेल आहे. तिच्या शेंगेत आणि त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात दाण्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते, आणि ते कच्चे पोटात गेल्यास काही तासांतच मळमळ, उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. उकळीच्या उष्णतेने ते निकामी होते. नुसते कोमट करून किंवा अर्धवट वाफवून होत नाही. शेंगेचा करकरीतपणा राखण्याच्या नादात ती कच्ची ठेवणे म्हणूनच चूक आहे.

कोवळ्या शेंगांसाठी कुकर वापरू नये. पहिली शिट्टी होईपर्यंत आतल्या शेंगा गळून जातात आणि केव्हा थांबायचे हे झाकणातून दिसत नाही. खाण्याचा सोडाही घालू नये. सोड्याने रंग हिरवागार राहतो हे खरे, पण शेंग बुळबुळीत होते आणि तिच्यातले ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते.

आमसूल केव्हा घालावे

कोकणात आंबट म्हटले की आमसूल हाताशी येते, आणि शेंगांच्या भाजीत त्याची वेळ चुकली तर भाजी बिघडते. यामागे दोन कारणे आहेत. पहिले रंगाचे. शेंगेच्या हिरव्या द्रव्यातल्या प्रत्येक कणाच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. आंबट पदार्थ आणि उष्णता एकत्र आली की तो अणू सुटतो आणि हिरवा रंग शेवाळी, तपकिरीसर होतो. दुसरे कारण अधिक व्यवहाराचे आहे. शेंगेच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे पेक्टिन शिजताना विरघळते, तेव्हाच शेंग मऊ होते. आंबटपणा असेल तर ते विरघळणे मंदावते. फोडणीतच आमसूल, चिंच, टोमॅटो किंवा अंबाडे घातलेली शेंग अर्धा तास शिजवली तरी ताठ राहते, ती यामुळे. तेव्हा शेंग पूर्ण मऊ झाल्याची खात्री करावी आणि मगच दोन-तीन आमसुले घालून चारपाच मिनिटांची शेवटची उकळी द्यावी. पाण्याचीही अशीच गोष्ट आहे. विहिरीचे पाणी क्षारयुक्त आणि जड असेल तर त्यातला चुना पेक्टिनला घट्ट करतो आणि शेंगा शिजायला वेळ लागतो. अशा ठिकाणी वाफेवर शिजवण्याची वरची रीत आणखी उपयोगी पडते, कारण बाहेरचे पाणी तिला जवळपास लागतच नाही.

या नियमाचा उलट बाजूनेही फायदा घेता येतो. आमसूल घातल्यानंतर शेंग फारशी मऊ होत नाही, त्यामुळे जेवायला बसण्यास उशीर असला आणि रस्सा पुन्हा गरम करावा लागणार असला, तरी तुकडे आपला आकार सोडत नाहीत.

चवळीच्या शेंगा: कोलंबीबरोबर आणि कोलंबीशिवाय

सिंधुदुर्गात चवळीच्या लांब शेंगांना वाली म्हणतात. श्रावणघेवड्याहून ही शेंग कमी गोड पण चवीला अधिक भरीव असते, म्हणून ती कांदा, मसाला आणि सुकी मासळी यांना पेलते. अर्धा किलो शेंगांना मूठभर सोडे किंवा सुकी कोलंबी पुरते. सुक्या कोलंबीची डोकी आणि शेपट्या काढून ती तव्यावर मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजावी आणि मग पाण्यातून दोनदा काढावी. सोडे असतील तर ते धुऊन पंधरा-वीस मिनिटे पाण्यात भिजवावेत. तेलात एक मोठा कांदा बारीक चिरून गुलाबी करावा, त्यात चार-पाच ठेचलेल्या लसूण पाकळ्या, कोलंबी आणि दोन लहान चमचे मालवणी मसाला परतावा, मग मोडलेल्या शेंगा घालून आधीप्रमाणेच दोन मिनिटे उघड्या परताव्यात आणि पाण्याच्या ताटाखाली बारा ते पंधरा मिनिटे शिजवाव्यात. सुक्या मासळीत मुळातच मीठ असते, त्यामुळे मीठ शेवटी, चव पाहूनच घालावे. शेंगा मऊ झाल्यावर दोन आमसुले आणि मूठभर खोबरे घालावे. तांदळाच्या भाकरीबरोबर ही भाजी जशी लागते तशी पोळीबरोबर लागत नाही.

श्रावणात आणि गणपतीत घरोघरी मासळी बंद असते आणि नेमकी तेव्हाच चवळी बहरात असते. त्या दिवसांत कांदा, लसूण आणि कोलंबी वगळून केवळ मोहरी, हिंग, सुकी लाल मिरची आणि खोबरे यांवर ही भाजी करावी. ऋषिपंचमीच्या भाजीत तर फोडणीही नसते. अळू, सुरण, भोपळा, पडवळ, मक्याचे कणीस यांच्या जोडीला चवळीच्या शेंगा पडतात आणि हिरवी मिरची, मीठ, खोबरे आणि किंचित आंबट एवढ्यावर ती भाजी उभी राहते. ताज्या शेंगेला किती थोडे लागते हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी ती भाजी लक्ष देऊन खावी. त्या भाजीत सुरण आणि मक्याचे दाणे आधी शिजवून घ्यावेत आणि शेंगा त्यानंतर घालाव्यात.

दाणा धरलेल्या शेंगांचा रस्सा

दुसऱ्या वाट्यातल्या शेंगा सुक्या भाजीत अर्धवट लागतात, कारण साल शिजते तेव्हा दाणा कच्चा असतो. त्यांना पाणी आणि वाटप हवे. ही कृती दाणा भरलेल्या घेवड्याला, चवळीला आणि वालाला सारखीच लागू पडते. शेंगांची शीर काढून, हाताने मोडून, त्या बुडतील इतक्या उकळत्या पाण्यात हळद घालून मध्यम आचेवर वीस मिनिटे शिजवाव्यात. दाणा दोन बोटांत सहज दाबला गेला पाहिजे. दरम्यान अर्ध्या नारळाचे खोबरे आणि एक उभा चिरलेला कांदा थोड्या तेलावर वेगवेगळे भाजावेत. खोबरे बदामी रंगावर आले की थांबावे, त्याहून पुढे गेले तर रस्सा कडवट होतो. त्यात एक मोठा चमचा धणे, चार-पाच मिरी, दोन लवंगा आणि अर्धा चमचा बडीशेप भाजून घालावी आणि पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये अगदी बारीक वाटावे. शिजलेल्या शेंगांत हे वाटप, दोन चमचे मालवणी मसाला आणि मीठ घालून दहा मिनिटे उकळावे, आणि शेवटी आमसूल. रस्सा खळखळत ठेवू नये, नाहीतर दाणे सालीतून सुटतात.

पोपटी

वालाच्या दाणा भरलेल्या शेंगा घरात शिजवण्यापूर्वी रायगडातली पोपटी एकदा तरी करून पाहावी. अलिबाग, पेण, रोहा या भागांत थंडीच्या दिवसांत, विशेषतः जानेवारी-फेब्रुवारीत, शेताच्या बांधावर ती लावली जाते. पाणी नाही, तेल नाही, आणि तरीही शेंग इतकी रसरशीत शिजते की तिच्यापुढे दुसरी कोणतीही रीत मला फिकी वाटते.

त्यासाठी मातीचे मडके आणि भांबुर्डीचा ताजा पाला लागतो. हे उग्र वासाचे रानटी झुडूप त्या दिवसांत शेताच्या कडेला आपोआप उगवलेले असते. पाला धुऊन मडक्याच्या बुडाशी आणि कडांना त्याचा जाड थर द्यावा. शेंगा करपत नाहीत आणि त्याचा वास शेंगांत उतरतो. शेंगा अख्ख्याच ठेवाव्यात, मात्र किडलेल्या काढून टाकाव्यात. त्यांना जाडे मीठ आणि ओवा चोळून त्या मडक्यात भराव्यात. मधे बटाटे, रताळी, कांदे, आणि खाणाऱ्यांसाठी अंडी किंवा मसाला लावून पाल्यात गुंडाळलेली कोंबडी ठेवता येते. अंडी मधोमध, चारी बाजूंनी शेंगा येतील अशी ठेवावीत. मडके गच्च भरले की तोंडात भांबुर्डीचा पाला इतका दाबून कोंबावा की मडके पालथे केले तरी काही बाहेर येता कामा नये. मग मोकळ्या जागी, वाऱ्याची दिशा पाहून, ते जमिनीवर पालथे घालावे आणि भोवती गोवऱ्या, पेंढा आणि सुकी लाकडे रचून पेटवावे.

जाळ सर्व बाजूंनी सारखा राहील हे पाहावे लागते, कारण एका अंगाला विझला तर त्या बाजूच्या शेंगा कच्च्या राहतात. अर्धा तास ते पाऊण तास होत आला की मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडावेत. चर्र आवाज होऊन ते क्षणात उडाले आणि शेंगांचा वास सुटला की पोपटी झाली. कोंबडी घातली असेल तर मात्र पूर्ण पाऊण तास थांबावे आणि मांस हाडापासून सुटले आहे याची खात्री करूनच वाढावे. जाळ बाजूला सारून मडके ओल्या गोणपाटाने धरून कागदावर किंवा केळीच्या पानांवर रिते करावे. शेंगा सोलून दाणे खावेत. कोवळ्या शेंगांची सालही खाता येते.

जून शेंगा, आणि उरलेल्या

तिसऱ्या वाट्यातल्या शेंगांची साल सोडून द्यावी आणि दाणे घ्यावेत. साल गुरांना चालते. ओले दाणे पूर्ण सुकलेले नसल्याने भिजवावे लागत नाहीत. वालाचे दाणे भातात घालून हिंग-मोहरीच्या फोडणीवर शिजवले तर दुसऱ्या भाजीची गरज उरत नाही. दाणे मात्र पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवावेत. वेलीवरच सुकलेला वाल ही वेगळी गोष्ट आहे. त्यातला कडवटपणा आणि घातक अंश जाण्यासाठी तो रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, मोड आणून आणि सोलूनच शिजवावा.

तोडलेल्या शेंगा त्याच दिवशी संपवणे सर्वांत चांगले. ते जमले नाही, तर न धुता, न चिरता, सुती कापडात सैल गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवाव्यात. सर्वांत गार जागी ठेवू नयेत; पाच अंशांच्या खाली काही दिवस राहिलेल्या शेंगांवर खळगे आणि तांबूस डाग पडतात. बहर फारच आला, तर कोवळ्या श्रावणघेवड्याचे तुकडे उकळत्या पाण्यात तीन मिनिटे टाकून लगेच बर्फाच्या पाण्यात काढावेत, कापडावर पूर्ण कोरडे करावेत आणि हवा काढून पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेवावेत. पावसाळ्यात तासन्‌तास वीज जाणाऱ्या गावांत या साठ्यावर फार भिस्त ठेवू नये आणि एकदा सुटलेल्या शेंगा पुन्हा गोठवू नयेत. भाजी करताना हे तुकडे गोठलेले असतानाच थेट फोडणीत टाकावेत. पाण्याचा हबका मारण्याची गरज नसते, कारण बर्फ सुटून तेवढे पाणी होतेच. वाफेचा वेळ थोडा कमी ठेवावा, पण झाकण काढण्यापूर्वी एक तुकडा चावून तो पूर्ण शिजला आहे हे पाहून घ्यावे.